देवरे सरांचं कोरं पाणी

माझ्या लग्नाच्या पंगतीत देवरे सरांनी मीठ चोरलं. चोरलं हाच शब्द बरोबर आहे, कारण ते त्यांनी खाल्लं नाही. पानाच्या वरच्या टोकाला वाढलेलं चिमूटभर मीठ त्यांनी चमच्यानं उचललं, खिशातून कागदाचा चौकोनी तुकडा काढला, वैद्य बांधतात तशी पुडी बांधली, तिच्यावर पेननं काहीतरी लिहिलं आणि ती शर्टाच्या वरच्या खिशात ठेवली. मग शेजारच्या पानाकडे वळून त्या गृहस्थांना विचारलं, "आपलं मीठ आपण घेणार आहात का?"

लग्न वणीला होतं, सासऱ्यांच्या अंगणात. सासूबाईंची थोरली बहीण वाढायला उभी होती. नवऱ्या मुलाकडचा एक टकला माणूस मीठ बांधून नेतोय म्हटल्यावर तिच्या डोक्यात जे यायचं तेच आलं. "कोन हाय तो? मीठ बांधून कशाला नेतो? पोरीवर काई करायचंय का त्याला?" हे ती हळू बोलली असं तिचं म्हणणं होतं, पण मांडवाच्या बाहेर टांगेवाल्यालाही ते ऐकू गेलं. सासरे तडक माझ्याकडे आले. कपाळाला मुंडावळ्या बांधलेल्या अवस्थेत मला त्यांना समजावून सांगावं लागलं, की हे माझे सर आहेत, नाशिकला आमच्या कॉलेजात रसायनशास्त्र शिकवतात, करणी वगैरे त्यांना येत नाही, त्यांना फक्त मिठातलं आयोडाइड मोजायचं असतं. सासऱ्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "मोजून काय करतात?"

ह्या प्रश्नाचं उत्तर तेव्हा मलाही येत नव्हतं.

पंधरा दिवसांनी सर आमच्या घरी आले. चहाचा कप खाली ठेवून माझ्या नव्या बायकोला म्हणाले, "वहिनी, तुमच्या माहेरच्या मिठात काही नाही." एवढं बोलून ते गेले. सुमन दोन दिवस माझ्याशी धड बोलली नाही. तिसऱ्या दिवशी म्हणाली, "काही नव्हतं तर चार वेळा भाजी कशी मागून घेतली, विचारा तुमच्या सरांना." मी विचारलं नाही. विचारलं असतं तर त्यांनी भाजीतल्या मिठाचा हिशेब मांडायला घेतला असता.

मी ह्या माणसाच्या तावडीत कसा सापडलो ते सांगतो. बी.एस्सी.ला ते मला शिकवायला होते. आणीबाणी उठल्यानंतर वर्षा-दोन वर्षांत मी त्याच कॉलेजात डेमॉन्स्ट्रेटर म्हणून लागलो, तात्पुरता. दर वर्षी जूनपर्यंत जीव टांगणीला. विभागप्रमुखांनी पहिल्याच दिवशी सांगितलं, "गांगुर्डे, रिकामा वेळ देवरेंच्या खोलीत द्यायचा." बाकीचे लोक हसले. का हसले ते मला आठवडाभरात कळलं.

ती खोली व्हरांड्याच्या अगदी टोकाला होती. खिडक्यांना काळे पडदे. आत एक भलंमोठं टेबल, त्याला दोन ड्रॉवर, एक त्यांचा आणि एक माझा. टेबलावर सरांनी स्वतःच्या हातानं जुळवलेलं यंत्र. काचेच्या एका केसासारख्या नळीच्या टोकाला पाऱ्याचा एकच थेंब टांगायचा. तो मिठाच्या पाण्यात बुडवून ठेवायचा. विजेचा दाब असा द्यायचा, की पाण्यातलं आयोडाइड येऊन थेंबाला चिकटेल. पाच मिनिटं थांबायचं. मग दाब उलटा फिरवला, की चिकटलेलं आयोडाइड एकदम सुटतं आणि त्या क्षणी थोडासा प्रवाह वाहतो. तो प्रवाह मोजायला गॅल्व्हानोमीटर. त्याच्या आरशावरून उजेडाचा एक ठिपका भिंतीवरच्या पट्टीवर सरकायचा. जिथपर्यंत सरकला तो आकडा. ठिपका दिसावा म्हणून अंधार, आणि अंधारात सर आकडा ओरडणार, मी कोपऱ्यातल्या झाकलेल्या दिव्याखाली तो वहीत लिहिणार. माझं एवढंच काम. पदव्युत्तर शिक्षण घेऊन मी ठिपक्याचा कारकून झालो होतो.

अडचण अशी, की मिठात क्लोराइडच सगळं, आयोडाइड नावाला. सर म्हणायचे, "सिंहस्थात रामकुंडावर उभा राहा आणि गर्दीत देवळ्याचा एक माणूस ओळखून दाखव. तेवढंच आहे हे." सर स्वतः देवळ्याचे. त्यामुळे हे उदाहरण त्यांना फार सोपं वाटायचं.

आणि तो थेंब! दार आपटलं की पडायचा. बाहेरच्या रस्त्यावरून एसटी गेली की पडायचा. म्हणून खोलीत अनवाणी यायचं, खुर्ची ओढायची नाही, उचलून ठेवायची. थेंब टांगलेला असताना मला एकदा शिंक आली. अंधारातून थंड आवाज आला, "गांगुर्डे, आपण शिंकलात." एरवी मी त्यांना 'तू' होतो, 'अरे' होतो. रागावले की 'आपण' व्हायचो. त्यांनी मला जेवढा मान दिला तेवढा माझ्या सासुरवाडीनंही कधी दिला नाही.

राग फारच अनावर झाला आणि जवळ कोणी नाही असं वाटलं, की त्यांची अहिराणी बाहेर यायची. "हाई काय शे? बठ्ठं वाया गयं!" मग मी पडद्यामागे आहे हे लक्षात येऊन ते शुद्ध मराठीत म्हणायचे, "थेंब पडला. लिही."

घंटा वाजवणाऱ्या शिपायाला त्यांनी एकदा गाठून सांगितलं, "बाबा, घंटा जरा हळू वाजवत जा." तो म्हणाला, "हळू वाजवली तर पोरं वर्गातच बसून राहतील, सर." सर म्हणाले, "मग बिघडलं काय?" पण घंटा होती तशीच वाजत राहिली आणि थेंब पडत राहिले.

खोलीचा सगळ्यात कडक नियम आयोडीनचा, कारण त्याची वाफ पाण्यात उतरली की तिचं आयोडाइड होतं. आयोडीनची बाटली, आयोडीनचा डाग, आयोडीनचा नुसता वास असलेला माणूससुद्धा आत नको. बाजूच्या प्रयोगशाळेतल्या पोरांनी आयोडीनचा प्रयोग केला, की सर आमच्या दाराच्या फटीत ओला टॉवेल कोंबायचे. प्रथमोपचाराच्या पेटीतलं टिंक्चर आयोडीन त्यांनी उचलून फिजिक्स विभागात नेऊन ठेवलं होतं. म्हणजे काच लागून रक्त आलं, की बोट धरून दोन जिने उतरायचे, अंगण ओलांडायचं आणि फिजिक्समध्ये जाऊन लावून घ्यायचं. परत आल्यावर लगेच आत नाही. हात साबणानं तीनदा धुऊन, तासभर बाहेर उभं राहून मग आत. फिजिक्सवाले म्हणायचे, "तुमच्याकडे माणूस मेला तर तोही इकडेच आणणार का?"

पाऱ्यानं माझी अंगठी खाल्ली ती गोष्ट तर अजून घरात निघते. साखरपुड्याची सोन्याची अंगठी. पारा गाळताना एक बारीक कण तिला लागला असावा. सोन्याला पारा लागला की तो आत शिरतो. संध्याकाळी घरी गेलो तर अंगठी चांदीसारखी पांढरीफटक. सुमननं ती हातात घेऊन उलटीसुलटी केली आणि विचारलं, "ही कोणाची?" पुढच्या अर्ध्या तासाचा तपशील देत नाही. दुसऱ्या दिवशी सराफ बाजारात जाऊन सोनाराकडून ती तापवून घेतली, तेव्हा पिवळी झाली. सरांना सांगितलं तर त्यांनी आधी विचारलं, "म्हणजे माझा पारा गेला किती?"

एकदा मला त्यांनी सुरगाण्याला नेलं. रविवार होता. घरी पाहुणे यायचे होते. सर म्हणाले, "पाहुणे पुढच्या रविवारीही येतील. बाजार आजचा आहे." एसटीनं सुरगाणा आणि तिथून पुढे आठवडे बाजाराच्या गावाला जीप. त्या जीपमध्ये किती माणसं होती ते मोजायची इच्छा फक्त सरांना झाली असती, पण त्यांची मान एका नागलीच्या पोत्यामागे अडकली होती. बाजारात प्रत्येक दुकानासमोर उभे राहून ते एक चमचा खडे मीठ मागायचे. "किलोभर घ्या ना, मास्तर, चमचाभर कोन देतं?" असं एक दुकानदार म्हणाला. सरांनी किलोभर घेतलं, त्यातलं चमचाभर पुडीत बांधलं आणि उरलेलं माझ्या हातात दिलं. चार दुकानांनंतर मी चार किलो मीठ घेऊन डोंगरात फिरत होतो.

पाचव्या दुकानापाशी एक बाई त्यांना पाहून थांबली. "गुरुजी ना तुमी? आमच्या पोरीला शिकवलं होतं." कॉलेजात येण्याआधी सर दोन वर्षं त्या गावात प्राथमिक शाळेवर मास्तर होते, हे मला त्या दिवशी कळलं. बाईच्या गळ्याला मोठ्या कांद्याएवढी गाठ होती. सरांनी तिच्याकडे पाहिलं आणि विचारलं, "मीठ धुऊन घेता का?"

"धुऊनच घेतो. माती र्‍हाते ना त्यात, गुरुजी. धुतल्याबिगर कसं घालायचं?"

"आणि यशोदा? तिचा गळा?"

"तिला बी आलंय," ती म्हणाली. पाऊस आलाय म्हणावं तसं.

मीठ धुतलं की त्यातलं आयोडाइड पाण्याबरोबर जातं आणि आयोडीन पोटात कमी गेलं की गळ्याला गाठ येते, एवढं पुस्तकात मीही वाचलं होतं. परीक्षेत त्याला दोन मार्कही मिळवले होते. परतीच्या जीपमध्ये सर पाचही पुड्या मांडीवर घेऊन पुन्हा पुन्हा मोजत होते. मग वाटेत टायर फुटलं, आम्ही तीन तास रस्त्याच्या कडेला बसलो, आणि मी घरी पोचलो तेव्हा पाहुणे जेवून निघून गेले होते. त्यामुळे माझी सहानुभूती फार टिकली नाही. पण सासऱ्यांच्या प्रश्नाचं उत्तर मला मिळालं होतं. डोंगरातल्या माणसापर्यंत जे मीठ पोचतं त्यात आयोडाइड उरतं किती, ह्याचा कोणी खोडून काढू शकणार नाही असा आकडा ह्या माणसाला हवा होता.

तोच त्यांच्या पीएच.डी.चा विषय. नोंदणी करून अकरा वर्षं झाली होती. त्यांचे मार्गदर्शक त्या जूनमध्ये निवृत्त होणार होते आणि विद्यापीठानं मुदत वाढवून द्यायला ह्यापुढे नकार दिला होता. जूनच्या आत प्रबंध गेला तर ठीक, नाहीतर नोंदणी रद्द. विभागात सगळ्यांना ही तारीख पाठ होती. माझाही त्यात स्वार्थ होता. सर सुटले की मी सुटणार होतो.

त्या वर्षी कधी नव्हे ते आकडे भराभर येऊ लागले. ठिपका लांबपर्यंत सरकायचा. सुरगाण्याच्या मिठात चक्क आयोडाइड होतं, आणि चांगलं होतं. विभागप्रमुख खूश. मी तर मनातल्या मनात पेढे वाटले. सर मात्र दिवसेंदिवस गप्प होत गेले. एका सकाळी म्हणाले, "आज कोरं घेऊ."

कोरं म्हणजे मीठ सोडून बाकी सगळं. तीच भांडी, तेच पाणी, तीच रसायनं, फक्त मीठ नाही. त्यात ठिपका हलायला नको. तो हलला. नुसता हलला नाही, पट्टीवर आरामात फिरून आला. म्हणजे जे आयोडाइड आम्ही इतके महिने मोजत होतो, ते मिठातलं नव्हतंच, निदान सगळं नव्हतं. ते कुठूनतरी येऊन आमच्या पाण्यात पडत होतं.

मग जो छळ सुरू झाला तो विचारू नका. भांडी उकळली. पाणी तीनदा ऊर्ध्वपातन करून घेतलं. पडदे धुतले. भिंतीला चुना लावला. कशानंही फरक पडेना. मग त्यांची नजर माझ्याकडे वळली. "गांगुर्डे, डब्यात काय आणतोस?" मी म्हटलं, भाकरी, भाजी, कधी सुकट. "सुकट!" ते खुर्चीतून उठलेच. "समुद्राची मासळी! तिच्यात आयोडीन असतं! तू खातोस, तोंडानं श्वास सोडतोस, तो माझ्या पाण्यात जातो!" दोन महिने माझी सुकट बंद. बोंबील बंद. सुमननं एकदा विचारलं, "तुमच्या सरांना मी तरी चालते ना घरात?" मी म्हटलं, "तुला अजून मोजलेलं नाही."

एका शनिवारी दुपारी पाहतो, तर खोलीत नऊ बश्या मांडलेल्या. एक खिडकीत, एक कपाटावर, एक दाराशी, एक सरांच्या ड्रॉवरपाशी, एक माझ्या ड्रॉवरपाशी, अशा सगळीकडे. सगळ्यांत कोरं पाणी. मी विचारलं, "मांजरं पाळलीत का, सर?" ते हसले नाहीत. "सोमवारपर्यंत इथं यायचं नाही," एवढंच म्हणाले.

सोमवारी मी गेलो तेव्हा बश्या उचललेल्या होत्या. सर खिडकीचा पडदा बाजूला करून बाहेर बघत उभे होते. त्या खोलीत मी पहिल्यांदाच ऊन पाहिलं. मी म्हटलं, "सापडलं का काही?"

"नाही," सर म्हणाले. "शोधणं बंद. पाणी बदललंय मी."

त्या दिवसापासून कोरं खरोखरच कोरं यायला लागलं. मी खोलात शिरलो नाही. संकट टळलं की त्याची चौकशी करू नये, ही माझी जुनी पद्धत.

पण आधीचे आकडे? ते सगळे नासलेले. विभागप्रमुखांनी सरांना बोलावून घेतलं. मीही होतो. ते म्हणाले, "देवरे, डोकं फिरवून घेऊ नका. कोऱ्याचा आकडा सगळ्यांतून वजा करा आणि द्या टाकून प्रबंध."

"कुठल्या दिवसाचा वजा करू?" सर म्हणाले. "सोमवारी सात, गुरुवारी एकोणीस. हवेतून येत होतं ते. मोजून येत नव्हतं."

मला राहवलं नाही. "सर, अकरा वर्षं झाली. कोण तपासणार आहे?"

ते माझ्याकडे वळले. "आपण बरोबर बोललात. कोणी तपासणार नाही. म्हणूनच देता येत नाही." मग विभागप्रमुखांकडे वळून म्हणाले, "हे छापून आलं, की उद्या कोणीतरी साहेब वाचणार आणि म्हणणार, सुरगाण्याच्या मिठात भरपूर आहे, तिकडे काही करायची गरज नाही. मग त्या बाईच्या गळ्यातून मी काय वजा करू?"

प्रबंध गेला नाही. सरांनी मार्गदर्शकांना पत्र लिहिलं आणि त्याची प्रत विभागप्रमुखांना दिली. त्यांनी ती स्टाफरूममध्ये सगळ्यांसमोर वाचून दाखवली. "प्रयोगशाळेतील हवा माझ्या निष्काळजीपणामुळे दूषित झाली. या चुकीस मी एकटा जबाबदार असून अन्य कोणाचाही संबंध नाही." कोणीतरी म्हणालं, अकरा वर्षं मीठ मोजलं आणि आमटी अळणीच. सगळे हसले. मी तर सरांची नक्कल करण्यात पटाईत होतो. मी चष्मा नाकाच्या टोकावर ओढला, मान पुढे काढली आणि म्हटलं, "गांगुर्डे, आपण श्वास घेतलात."

हशा एकदम थांबला. सर दारात उभे होते. ते आत आले, आपली खडूची पेटी उचलली आणि मला म्हणाले, "आवाज जमलाय. पण मान मी डावीकडे कलती करतो." आणि तासाला निघून गेले.

जूनमध्ये मला नोकरीत कायम केल्याचं पत्र मिळालं. सरांची नोंदणी रद्द झाल्याचं पत्रही त्याच आठवड्यात आलं. त्यांनी ते घडी घालून खिशात ठेवलं आणि मला म्हणाले, "अभिनंदन. उद्या सातला ये." मी सातला गेलो नाही. आता मी कायम होतो. पुढे महिना-दीड महिना मी त्या खोलीकडे फिरकलोच नाही.

ऑगस्टमध्ये एका शनिवारी पोरांचा प्रयोग चालू असताना काचेची नळी मोडली आणि माझ्या उजव्या अंगठ्यात घुसली. रक्त थांबेना. फिजिक्सला जायचा कंटाळा. तेव्हा मला एकदम आठवलं, आपल्याकडे आहे की! दीड वर्षापूर्वी असंच एकदा बोट कापलं होतं. ते दोन जिने, ते अंगण, तो तासभर बाहेर उभं राहणं, ह्या सगळ्याला वैतागून मी बाजारातून टिंक्चर आयोडीनची एक छोटी बाटली आणली होती आणि सरांच्या नकळत माझ्या ड्रॉवरमध्ये मागे, कापसात गुंडाळून ठेवली होती. दोनदा वापरली. मग विसरून गेलो. बूच तेव्हाच सैल होतं.

मी अंगठा धरून सरांच्या खोलीत गेलो. खोली रिकामी होती. ड्रॉवर उघडला, हात मागे घातला, आणि तो तसाच राहिला. आत्ता, ह्या क्षणी, माझ्या ध्यानात आलं. माझा ड्रॉवर. टेबलाच्या ज्या बाजूला आम्ही मिठाचं पाणी करायचो, बरोबर त्याच्या खाली.

बाटली तिथं नव्हती. कापूसही नव्हता. त्या जागी काचेची घट्ट झाकणाची एक लहानशी बाटली होती, वजन करायला वापरतात तशी. आत पिवळी पूड. वर सरांच्या अक्षरात चिठ्ठी. "हळद. जखमेसाठी. तपासली आहे, आयोडाइड नाही." खाली तारीख. बश्या उचललेल्या सोमवारची.

मी तिथंच जमिनीवर बसलो. ते पत्र त्यांनी त्यानंतर लिहिलं होतं. जो माणूस न मोजलेला आकडा तोंडातून काढत नसे, त्यानं 'माझ्या निष्काळजीपणामुळे' हे धडधडीत खोटं सही करून लिहिलं होतं. आणि मी त्या पत्रावर त्यांची नक्कल करून सगळ्यांना हसवलं होतं. मला इतकी लाज आयुष्यात कधी वाटली नाही, त्याआधी नाही आणि त्यानंतर नाही.

हळद दाबून अंगठा बांधला. दुसऱ्या दिवशी रविवारी सकाळी पंचवटीत त्यांच्या घरी गेलो. दोन खोल्या, पुढच्या खोलीत जुनी सतरंजी. देवरे वहिनींनी दार उघडलं. माझ्या अंगठ्याकडे त्यांनी आधी पाहिलं, मग तोंडाकडे. "या, भाऊजी," त्या म्हणाल्या. "यांना मी म्हटलं होतं, कधीतरी भाऊजींना कळेलच."

सर दाढी करत होते. मी उभ्या-उभ्याच सगळं बोलून टाकलं. बाटली माझी होती, मी लपवली होती, प्रबंध माझ्यामुळे गेला, मी आजच विद्यापीठाला लिहितो. ते आरशात बघत उरलेली अर्धी दाढी करत राहिले.

"माझ्या नावानं का नाही लिहिलं, सर? तुम्हाला त्या सोमवारीच कळलं होतं."

"तुझं नाव लिहिलं असतं तर जूनमध्ये तुला ठेवलं असतं का त्यांनी?" त्यांनी वस्तरा पुसला. "माझं काय, मी आधीपासून कायम आहे. आणि बाटली फिजिक्सला देऊन आलोय. त्यांची संपली होती."

"पण सर, अकरा वर्षं…"

"तुझ्याआधी पाच जण आले त्या खोलीत," ते आरशातच बघत म्हणाले. "एक तर दुसऱ्या दिवशी बदली मागून गेला. तूच एक टिकलास. शिव्या देत टिकलास, पण टिकलास. तुला घालवून मी कोणाला आकडे सांगणार होतो? भिंतीला? हिला सांगतो कधी कधी. ही ऐकते बिचारी, पण लिहीत नाही."

वहिनी आतून म्हणाल्या, "लिहायला बसले तर पोळ्या कोण करील?"

सर सतरंजीवर येऊन बसले. थोडा वेळ त्यांनी गुडघ्यावरचा साबण पुसल्यासारखं केलं. मग म्हणाले, "नव्यानं चालू केलंय मी. सुरगाण्याची पहिली पाच मिठं झाली. एकट्यानं ठिपका बघायचा आणि अंधारात लिहायचं, दोन्ही जमत नाही. थेंब पडतो. म्हणून डोक्यात ठेवलेत आकडे."

"आता ह्याचा उपयोग काय, सर? नोंदणी तर गेली."

"नोंदणी गेली. गळे आहेत ना अजून."

मी वही मागितली. वहिनींनी कोनाड्यातून आणून दिली, नवी कोरी, पहिल्या पानावर फक्त गावाचं नाव. मी मांडी घालून बसलो आणि पेन धरलं. सर डोळे मिटून सांगू लागले. पहिलं दुकान, पहिला थेंब, दुसरा थेंब, तिसरा. आकडे फार लहान होते. सुरगाण्याच्या मिठात जवळजवळ काहीच नव्हतं. तिसऱ्या ओळीला अंगठ्यावरची पट्टी सरकली आणि पानावर हळदीचा चांगला रुपयाएवढा डाग पडला. सरांनी डोळे उघडून तो पाहिला. मग धोतराच्या सोग्यानं चष्मा पुसला आणि पुढचा आकडा सांगितला.